एप्रिलमध्येच हात टेकायचे का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक मूळचे ठाण्याचे, वय पंचेचाळीस. बरीच वर्षं अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका शहरात राहतात. ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं बेसबॉल बघायला लागले आणि शहराच्या संघाचे पक्के चाहते होऊन बसले. (संघाचं नाव पत्रात आहे, इथं गाळलं आहे. तिथल्या मराठी मंडळींत हे गृहस्थ त्या संघाच्या टोपीवरूनच ओळखले जातात म्हणे.) यंदा हिवाळ्यात संघानं मोठमोठे खेळाडू घेतले, म्हणून यांनी दोन मित्रांबरोबर वीस सामन्यांच्या तिकिटांचं पॅकेज घेतलं. आता एप्रिल संपत आला आणि संघ २५ पैकी १७ सामने हरला आहे. रोज रात्री चिडचिड, झोपेचं खोबरं, सकाळी कोणाशी धड बोलणं नाही. पत्नी म्हणते, "मोसम सुरू झाल्यापासून घरात सुतक आहे." बारा वर्षांच्या मुलानं परवा दूध पिता पिता विचारलं, "बाबा, आपली टीम फालतू आहे का?" मित्र पॅकेज विकून मोकळं होऊ म्हणताहेत. पत्रलेखकाचा हिशोब असा, की या गतीनं संघ जेमतेम ५२ सामने जिंकेल. त्यांचे प्रश्न तीन: मोसमावर आत्ताच पाणी सोडावं का? तिकिटं विकावीत का? आणि या वयात एका खेळापायी इतकं अस्वस्थ होणं हा वेडेपणा नाही का?

नमस्कार,

बेसबॉलबद्दल लिहिलंत, पण पत्र मात्र क्रिकेटच्या चाहत्याचं आहे. त्यात तुमची चूक नाही. आपण ज्या खेळावर वाढलो तिथं एकेक हार महागात पडते. २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये भारत बांगलादेश आणि श्रीलंकेशी असे गटातले दोन सामने हरला आणि बॅगा भरून घरी आला. आयपीएलच्या साखळीत १४ सामने, तिथं ओळीनं चार गेले की शेजारीपाजारीही सांत्वनाला येतात. (तरी मुंबई इंडियन्सनं २०१५ साली पहिले चारही सामने हरून करंडक उचलला, हे ठाण्याच्या माणसाला मी काय सांगायचं.) बेसबॉलचा मोसम १६२ सामन्यांचा. आयपीएलच्या एका सामन्याचं जे वजन, ते इथं साडेअकरा सामन्यांचं. तुमचे २५ सामने म्हणजे आयपीएलच्या मापानं दोन सामने झाले आणि तिसऱ्याची नाणेफेक चालू आहे.

दुसरं असं, की इथं चांगले संघसुद्धा सारखे हरतात. सिएटल मरिनर्सनं २००१ मध्ये ११६ सामने जिंकले. तेवढे त्यानंतर कोणाला जिंकता आलेले नाहीत. त्या वर्षीही ते ४६ हरलेच. लॉस एंजेलिस डॉजर्स २०२५ चे विश्वविजेते. साखळीत त्यांनी ९३ जिंकले, ६९ हरले. म्हणजे दर पाच सामन्यांत दोनदा त्यांचे चाहते तोंड पाडून झोपायला गेले, आणि तरी शेवटी मिरवणूक त्यांचीच निघाली. दर पराभवाचं सुतक पाळायचं ठरवलं तर विजेत्या संघाच्या चाहत्यालासुद्धा वर्षातले सत्तर दिवस दाढी करता येणार नाही.

आता तुमचा ५२ चा हिशोब. २५ सामन्यांत ८, म्हणून १६२ मध्ये ५२. गणित बरोबर आहे, पण ही शितावरून भाताची परीक्षा झाली, आणि बेसबॉलचं शीत फसवं असतं. समजा, लीगमधले तीसच्या तीस संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि रोजचा निकाल नाणं उडवून ठरतोय. तरीही २५ नाणी उडवून झाल्यावर तीसपैकी एखाद-दोन संघ ८ विजयांवर किंवा त्याखाली अडकलेले दिसतीलच. कोणाचाही काहीही दोष नसताना. दुसऱ्या टोकाला तितकेच संघ १७ विजय घेऊन बसलेले असतील आणि त्यांच्या गावात लोक ऑक्टोबरमधल्या अंतिम फेऱ्यांसाठी विमानतिकिटं बघत असतील. आकडेमोड करणाऱ्या मंडळींची एक ढोबळ रीत आहे: जे सामने झाले त्यांत निम्मे जिंकलेले असे सुमारे ७० काल्पनिक सामने मिसळायचे आणि मग अंदाज करायचा. तुमच्या संघाला ती लावली तर उत्तर येतं ७० विजयांच्या आसपास.

सत्तर विजय म्हणजे काही बँड लावण्यासारखी गोष्ट नाही, हे मलाही कळतं. ८५ च्या आसपास पोचल्याशिवाय प्ले-ऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचं, नाव सहसा काढू नये. पण ५२ आणि ७० मध्ये फार फरक आहे. ५२ विजयांचा संघ बघवत नाही. ७० विजयांचा संघ उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे मजा देऊन जातो. आणि ७० हा मधला अंदाज. त्याच्या वरही जाता येतं, खालीही.

खालची बाजू आधी सांगते, कारण तुम्ही गोड बोलून घ्यायला पत्र लिहिलेलं नाही. शिकागो व्हाइट सॉक्सनं २०२४ मध्ये पहिल्या २५ पैकी ३ जिंकले, आणि ते खरोखरच तेवढे वाईट होते. वर्षअखेर ४१ विजय, १२१ पराभव. आधुनिक काळात एका मोसमात एवढे सामने कोणीच हरलेलं नव्हतं. बाल्टिमोर ओरिओल्स १९८८ मध्ये पहिले २१ च्या २१ हरले आणि शेवटी १०७ पराभवांवर थांबले. तेव्हा "अजून वेळ आहे" हा मंत्र सगळीकडे चालत नाही. कधी कधी एप्रिल खरं बोलतो.

पण कधी खरं बोलतो हे एप्रिलमध्ये कळत नाही, आणि न्यूयॉर्क मेट्सची लागोपाठची दोन वर्षं यासाठी बघण्यासारखी आहेत. तुमचा संघ तो नव्हे, त्यामुळे निवांत वाचा. २०२४ मध्ये मेट्स पहिले पाच सामने हरले. मे संपत आला तेव्हा २२ विजय, ३३ पराभव. २९ मे रोजी डॉजर्सकडून १०-३ असा मार खाल्ला, त्यात त्यांच्या एका रिलीफ पिचरनं (मधेच बदली म्हणून येणारा गोलंदाज) बाहेर काढल्यावर हातमोजा प्रेक्षकांत भिरकावला, आणि त्या रात्री खेळाडूंनी दार लावून आपसात बैठक घेतली. वर्तमानपत्रांनी श्राद्ध घालून टाकलं होतं. तिथून त्यांनी वळण घेतलं ते थेट ८९ विजयांपर्यंत. शेवटच्या दिवशी अटलांटात फ्रान्सिस्को लिंडोरनं नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये होम रन (थेट कुंपणापार फटका) मारून प्ले-ऑफ गाठून दिला, तीन दिवसांनी मिलवॉकीत पीट अलोन्सोनं तसाच नवव्या इनिंगमध्ये मारला, आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपासून ते दोन विजय दूर राहिले.

पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, उलटं झालं. हुआन सोटो या तडाखेबाज बॅटरला ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार देऊन आणलं, आणि १२ जूनला संघ होता ४५-२४. त्या दिवशी अख्ख्या बेसबॉलमध्ये त्यांच्याहून चांगली कामगिरी कोणाची नव्हती. मग पिचर एकामागून एक दुखापतींनी बसले, उरलेल्यांच्या गोलंदाजीत जीव राहिला नाही, आणि संघ घसरत घसरत शेवटच्या रविवारी मायामीत येऊन ठेपला. तो सामना जिंकला असता तर प्ले-ऑफ मिळाला असता, कारण ज्या सिनसिनाटीशी त्यांची स्पर्धा होती तो संघही त्या दिवशी हरला. मेट्स ४-० हरले. ८३ विजय दोघांचेही, पण आपसातल्या सामन्यांत सिनसिनाटी पुढं, म्हणून जागा त्यांची.

एकच मालक, एकच व्यवस्थापक, लिंडोर आणि अलोन्सो दोन्हीकडे. एका वर्षी मे महिना रडवून ऑक्टोबरनं हसवलं, दुसऱ्या वर्षी जूननं डोक्यावर घेतलं आणि सप्टेंबरनं आपटलं. २०२५ च्या जूनमध्ये जो चाहता रोज रात्री खुशीत झोपत होता, त्याच्या त्या झोपा खोट्या होत्या असं म्हणायचं का? मला नाही वाटत. त्यानं अडीच महिने छान खेळ बघितला. तो त्याचा झाला. तुमच्या पत्रात मला खटकलं ते नेमकं इथं: तुम्ही संध्याकाळचा सामना बघतच नाही, त्यातून सप्टेंबरचा निकाल वाचता. मग सामना जिंकूनही तुम्हाला आनंद होत नाही. तुम्हीच लिहिलंय, "परवा जिंकलो, पण काय उपयोग?" आठ वेळा जिंकलात त्या संध्याकाळीसुद्धा घरात सुतकच होतं की!

एप्रिलचा स्वतःचा एक स्वभावही आहे, आणि तुम्ही मध्य-पश्चिमेत राहता, म्हणजे तो तुम्हाला घोंगडी अंगावर घेऊन बघावा लागतो. थंड हवा जड असते, त्यात उंच मारलेला चेंडू काही फूट अलीकडेच पडतो आणि जुलैतला होम रन एप्रिलमध्ये कुंपणापाशी झेलला जातो. बॅटच्या दांड्याजवळ चेंडू लागला तर बॅटरच्या हाताला अशा झिणझिण्या येतात की पुढच्या दोन चेंडूंवर तो हात आखडतो. पिचरला बोटं गार पडल्यामुळे शिवणीवर पकड मिळत नाही. नियमांत सोय अशी, की दोन्ही व्यवस्थापक राजी असतील तर कडक थंडीत पंच त्याला हातावर फुंकर मारू देऊ शकतो, एरवी त्याच्या हाताबाबत फार कडक नियम आहेत. अशा हवेत मोठ्या फटक्यांवर विसंबलेला संघ जरा जास्तच कुचंबतो. तुम्ही संघाचं जे वर्णन केलंय त्यावरून तुमचा त्यातला आहे.

तुम्ही पत्रासोबत निकालांचा तक्ता जोडलात हे फार बरं केलंत. त्यात तुम्ही न पाहिलेली एक गोष्ट आहे. संघानं आत्तापर्यंत ९८ धावा केल्या आणि ११२ दिल्या. धावांवरून विजयांचा अंदाज करायची बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांची जुनी रीत आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. तुमच्या संघाचं उत्तर येतं ०.४३, म्हणजे २५ पैकी ११ विजय. पदरात पडलेत ८. आणि १७ पैकी ७ पराभव एका धावेनं. एका धावेच्या सामन्यांत नशिबाचा वाटा फार मोठा असतो, ते वर्षभर एकाच बाजूला जात नाहीत. म्हणजे संघ साधारण आहे, पण दिसतो त्याहून बरा आहे.

पाहायचंच असेल तर गुणतक्ता दर दोन आठवड्यांनी एकदा पाहा आणि रोज वेगळ्या गोष्टींकडे लक्ष द्या. तुमचा तो महागडा बॅटर, ज्याच्या नावानं तुम्ही शंख केला आहे, त्याची सरासरी .१९० (म्हणजे हजारात १९० यशस्वी फटके) आहे हे आत्ता काहीच सांगत नाही. बॅटिंगची सरासरी भरवशाची व्हायला एक अख्खा मोसमसुद्धा पुरत नाही. पण तो किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन स्ट्राइक खाऊन बाद होतो, हे साठेक वेळा बॅटिंगला आल्यावर बऱ्यापैकी स्थिर होतं, आणि पंचवीस सामन्यांत तेवढं होऊन गेलेलं आहे. गेल्या वर्षांच्या मानानं ते प्रमाण तेच असेल आणि कडक मारलेले चेंडू नेमके कोणाच्या तरी हातात जात असतील, तर थांबा. तो बाहेर जाणाऱ्या चेंडूंवर बॅट फिरवत असेल, स्ट्राइकआउट वाढले असतील, तर काळजी रास्त आहे. पिचरचं तसंच: दिलेल्या धावांपेक्षा त्याच्या चेंडूचा वेग पाहा. वेग दोन-तीन मैलांनी उतरला असेल तर मलाही धडकी भरते, कारण बरेचदा त्यामागे खांदा किंवा कोपर असतं. सोटोलाही २०२५ च्या मे महिन्यात लोक नावं ठेवत होते. वर्षअखेर त्याचे ४३ होम रन होते आणि चोरलेले बेस ३८.

मोसमावर पाणी सोडायचं की नाही, हे ठरवायचा दिवस म्हणून मे महिन्याचा शेवटचा सोमवार, मेमोरियल डे, धरा. बेसबॉलवाले लोक बहुधा तेव्हाच तक्त्याकडे पहिल्यांदा गंभीरपणे बघतात, कारण तोवर मोसमाचा तिसरा हिस्सा झालेला असतो. त्याच सुमाराला, ५० सामन्यांनंतर, २०१९ चा वॉशिंग्टन नॅशनल्स १९-३१ होता. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज त्यानंच जिंकली. तुमचा जिंकेल असं मी म्हणत नाहीये, कृपा करून मला ऑक्टोबरमध्ये पत्र पाठवू नका.

आता ज्या वाक्यावरून माझं लक्ष हलत नाही, ते. कंसात, जाता जाता, तुम्ही लिहिलंय: "संघावर विश्वास दाखवायला म्हणून ॲपवर रोज पाच-दहा डॉलर लावतो, विशेष काही नाही." दहा धरले तर आत्तापर्यंत नव्वद-शंभर डॉलर गेले असतील. रक्कम तुम्हाला जड नाही, मान्य. पण रात्री साडेनऊला तुम्ही ज्याच्यावर चिडता तो संघ असतो की तुमची स्वतःची हरलेली पैज, हे तुम्हाला वेगळं सांगता येतं का? २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या पैजांची बंदी उठवून प्रश्न राज्यांवर सोडला, आणि तेव्हापासून स्टेडियमच्या भिंतींपासून समालोचकाच्या तोंडापर्यंत सगळीकडे या ॲपच्या जाहिराती आहेत. त्यांचं काम तुम्हाला रोज रात्री निकाल हवाहवासा वाटायला लावणं हेच आहे. मोसम १६२ सामन्यांचा, पण पैज मात्र आजचीच. तुमच्या अस्वस्थपणाचा निम्मा भाग तिथून येत असेल असा माझा अंदाज आहे. ॲप काढून टाका. मे महिनाभर काढून टाका आणि घरातल्यांना काही फरक दिसतो का ते विचारा. आणि काढताना हात अडखळला, किंवा चार दिवसांत परत घेतलंत, तर मात्र तो आकडा पाच-दहा डॉलरचाच आहे का, हे पत्नीसमोर बसून तपासा. प्रत्येक राज्यात यासाठी मोफत हेल्पलाइन आहे. फोन करायला मोठं कर्ज झालेलं असावं लागत नाही.

झोपेचंही साधं आहे. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावल्यामुळे सामना दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो, पूर्वी तीन तासांच्या वर जायचा. घरचा सामना बघून दहाच्या सुमाराला झोपता येतं. संघ पश्चिम किनाऱ्यावर गेला की सामना तुमच्याकडे रात्री नऊ-दहाला सुरू होतो. तो बघू नका. सकाळी दहा मिनिटांची क्षणचित्रं बघा. फोनवरच्या सूचना बंद करा. हा सल्ला तुमच्यासारख्या सगळ्याच मंडळींना आहे, मग त्यांचा संघ पहिला असो की शेवटचा.

मुलाचा प्रश्न माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांहून मोठा आहे. "आपली टीम फालतू आहे का?" यात "आपली" हा शब्द अजून शाबूत आहे, तो आधी सांभाळा. तो टीमविषयी विचारत असेलही, पण तुमचा चेहरा बघून विचारतोय. त्याला सांगता येईल: "यंदा सुरुवात वाईट झाली आहे, कदाचित वर्षभर वाईट खेळतील, तरी बघायला मजा येते." हे तुम्हाला मनापासून म्हणता यायला हवं मात्र, बारा वर्षांची मुलं थापा लगेच ओळखतात.

त्याला स्कोअरबुक आणून द्या. ॲप नव्हे, कागदाचं, आणि एक पेन्सिल. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस ३, ४, ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) ६, आणि मागचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं उचलून सेकंडला दिला, तिथून फर्स्टला, दोघं बाद: ६-४-३. बॅट न फिरवता स्ट्राइकआउट झाला तर के हे अक्षर उलटं काढायचं. बापलेकांनी आळीपाळीनं एकेक इनिंग लिहायची. ज्यानं शॉर्टस्टॉपचा प्रत्येक थ्रो लिहून ठेवलाय, त्याला हरलेल्या सामन्यातलेही दोन-तीन खेळ आठवतात. नुसता स्कोअर बघणाऱ्याला हारच आठवते.

त्याच्यासमोर खेळाडूंना शिव्या घालणं तेवढं थांबवा. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक हुर्यो उडवण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रे टर्नर नावाचा महागडा शॉर्टस्टॉप सपशेल अपयशी ठरत असताना त्यांनी ठरवून उभं राहून त्याला टाळ्या दिल्या. पुढचे दोन महिने तो जबरदस्त खेळला. ते पाहून पुढच्या एप्रिलमध्ये मेट्सच्या प्रेक्षकांनी धावांसाठी तरसणाऱ्या लिंडोरसाठी तेच केलं. वर्षअखेर लिंडोर एमव्हीपीच्या (मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू) मतदानात डॉजर्सच्या शोहेई ओहतानीच्या मागोमाग दुसरा होता. टाळ्यांनी बॅट चालते असं मी म्हणत नाही. हे दोघे मुळातच उत्तम खेळाडू होते आणि त्यांचा सूर कधी ना कधी परतणार होताच. पण त्या संध्याकाळी स्टेडियममध्ये असलेल्या मुलांना काय बघायला मिळालं याचा विचार करा, आणि तुमच्याकडे तिकिटं आहेतच.

तिकिटांबद्दल. आत्ता सगळं पॅकेज विकणं म्हणजे पडत्या भावात सोनं मोडणं. संघ हरतोय, थंडी आहे, मुलांच्या शाळा चालू आहेत. याहून कमी भाव वर्षभरात क्वचितच असेल. मित्रांशी भावनिक वाद घालत बसू नका, तिघांनी तारखा समोर घेऊन बसा. एप्रिल-मेमधल्या मंगळवार-बुधवारच्या रात्री मिळेल त्या किमतीला सोडून द्या किंवा नुकत्याच आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला तशाच द्या, त्यांना कायमचं वेड लावल्याचं पुण्य लागेल. जून-जुलैचे शनिवार-रविवार ठेवा. ज्याला खरंच बाहेर पडायचंय त्या मित्राचा हिस्सा मेमोरियल डेनंतर ठरवू, असं आत्ताच स्पष्ट बोलून ठेवा, म्हणजे पैशावरून मनं दुखावणार नाहीत. आणि अगदीच जीव विटला तर मायनर लीगचा सामना बघा. प्रत्येक मोठ्या संघाचे चार छोटे संघ असतात, बहुतेकांना तासा-दोन तासांच्या ड्राइव्हवर एखादा सापडतो. तिकीट स्वस्त, पोरांना मैदानाच्या अगदी जवळ बसता येतं, आणि तक्त्यात कोण कितवं आहे हे तिथं कोणीही विचारत नाही.

वेडेपणाचं उत्तर थोडक्यात देते. परक्या देशात, तिशीनंतर, माणूस एखाद्या शहराच्या संघाला "आपला" म्हणायला लागतो, ते गाव त्याला आपलं वाटायला लागल्याशिवाय होत नाही. त्याची लाज वाटून घेऊ नका. पत्नीची तक्रार खेळाबद्दल नाही, सकाळच्या अबोल्याबद्दल आहे, आणि त्या बाबतीत ती बरोबर आहे.

ताजा कलम म्हणून तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय, की मुलाला डॉजर्सची टोपी हवी आहे, ओहतानीसाठी, तर घेऊन द्यावी का. आनंदानं द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकाच प्ले-ऑफ सामन्यात ज्यानं पिचर म्हणून दहा स्ट्राइकआउट घेतले आणि बॅटर म्हणून तीन होम रन मारले, त्याचं वेड बारा वर्षांच्या मुलाला लागलं नाही तरच काळजी करायची. २०२३ पासून प्रत्येक संघ बाकीच्या २९ संघांशी दरवर्षी खेळतो. डॉजर्स यंदा तुमच्या गावी येत असतील तर ती तारीख शोधून ठेवा, आणि मित्रांबरोबर वाटणीला बसाल तेव्हा ती दोन तिकिटं सगळ्यात आधी मागून घ्या.